मदत हवी आहे: पीडीएफ लायब्ररीच्या लायसनवर ऑडिट अडलंय

नाशिककर_डेव्ह: आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बिलाची पीडीएफ आयटेक्स्ट या जावा लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) बनते. नव्या क्लायंटच्या ऑडिटवाल्यांनी सगळ्या ओपन सोर्स (कोड खुला असलेल्या) लायब्रऱ्यांची लायसनसकट यादी मागितली आणि नेमका याच ओळीवर लाल शेरा मारला. फुकट लायब्ररी आहे, मग अडचण काय? पर्याय सुचवा, शुक्रवारी मीटिंग आहे.

घाटावरचा: व्हर्जन कुठलं? क्लायंटच्या मशीनवर टाकता की तुमच्या सर्व्हरवर चालतं?

पायथॉनप्रेमी: जावा सोडा, पायथॉनची रिपोर्टलॅब घ्या. बीएसडी लायसन, म्हणजे अटी अगदी कमी, कटकट नाही. आमच्या पगाराच्या स्लिपा त्यावरच निघतात.

नाशिककर_डेव्ह: जावा सोडणं शक्यच नाही. ५.५.१३, आमच्याच सर्व्हरवर. लोक ब्राउझरमधून वापरतात. कुणाला कॉपी देतच नाही!

मेघना_के: मग शेरा बरोबर आहे. आयटेक्स्ट ५ पासून एजीपीएल आहे, म्हणजे जीपीएल या सोर्स (मूळ कोड) खुला करायला लावणाऱ्या लायसनचा कडक प्रकार. जीपीएलमध्ये कॉपी दिली तरच सोर्स द्यावा लागतो, पण एजीपीएलचं कलम १३ नेटवर्कवरून वापरणाऱ्यांचाही विचार करतं. एकतर तुमचा सोर्स खुला करा, नाहीतर कमर्शियल लायसन विकत घ्या. तिसरा मार्ग ओपनपीडीएफ: आयटेक्स्ट ४ मधून फुटलेलं, एलजीपीएल/एमपीएल या सैल अटींच्या लायसनचं. कोडमधली पॅकेजची नावं मात्र बदलावी लागतील.

घाटावरचा: बिलात मराठी आहे का? असेल तर आधी ‘श्री’, ‘क्ष’, ‘र्‍या’ छापून जोडाक्षरं नीट उमटतात का बघा, मग लायब्ररी ठरवा.

नाशिककर_डेव्ह: आहे. दुकानाचं नाव, मालाची नावं, सगळं मराठीत.

झटपट_जय: डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ. एचटीएमएल द्या, पीडीएफ घ्या. कितीतरी वर्षं वापरतोय.

मेघना_के: तो प्रकल्प २०२३ मध्ये आर्काइव्ह झाला, म्हणजे काम थांबलं; आत क्यूटी वेबकिट हे जुनं ब्राउझर इंजिन आहे. उद्या सुरक्षेचं भोक सापडलं तर बुजवणार कोण? डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत भोक निघालं तेव्हा काही दिवसांत दुरुस्त आवृत्ती आली, कारण मागे माणसं काम करत होती. लायसनइतकंच हेही बघायचं असतं. एचटीएमएलच हवं तर हेडलेस क्रोम (खिडकी न उघडता चालणारं) घ्या, जोडाक्षरंही नीट येतात.

झटपट_जय: माझं कधी अडलं नाही. बिल छापायला क्रोम कशाला?

सीए_सुहास: ई-इनव्हॉइसचा क्यूआर कोड छापता ना? त्यासाठी झेडएक्सिंग लायब्ररी बघा, अपाची लायसन आहे.

घाटावरचा: तो प्रश्नच नाहीये, सुहासभाऊ. नाशिककर, मेव्हन या बिल्ड टूलमधून डिपेन्डन्सी ट्री (कोणती लायब्ररी कोणती ओढून आणते त्याची यादी) काढा. कधीकधी जॅस्परसारखं रिपोर्टिंग टूल स्वतःबरोबर जुनं आयटेक्स्ट ओढून आणतं.

नाशिककर_डेव्ह: जॅस्पर आहे. आत आयटेक्स्ट २.१.७ दिसतंय. तेही एजीपीएल?

मेघना_के: नाही, ते ५ च्या आधीचं, एलजीपीएल/एमपीएल. यादीत वेगळी ओळ करा, व्हर्जनसकट.