वडिलांच्या निधनानंतरची रजा आणि नोकरीची धास्ती

वडिलांच्या निधनानंतर तेराव्यापर्यंत रजा घेतल्यास नोकरी जाईल का, असे तुम्ही विचारले आहे. ही धास्ती समजण्यासारखी आहे, कारण खासगी नोकरीत अशी रजा देण्याची सक्ती करणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा जिथे लागू आहे तिथे वर्षाला ८ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा मिळते, पण ती तिमाहीनुसार जमा होत असल्याने एकदम हाताशी नसते, आणि अर्जित रजेसाठी (केलेल्या कामाच्या दिवसांवर मिळणाऱ्या पगारी रजेसाठी) वर्षात २४० दिवस काम झालेले असावे लागते. तुमच्या साहेबांनी फोनवर ‘सावकाश या’ म्हटले असले, तरी तारखांसह ईमेल आजच पाठवावा. नाहीतर वाद झालाच तर कामावरून काढण्यासाठी विनापरवानगी गैरहजेरी हेच कारण कागदावर येऊ शकते. कमी पडणारे दिवस बिनपगारी मागावेत. (मृत्यूचा दाखला नंतर दिला तरी सहसा चालतो.)