जन्मठेप, हिंडलगा: 14 वर्षांचा हिशेब आणि सुटकेची तयारी

खानापूरकर_77
भावकीतला एक जण हिंडलग्यात (बेळगावच्या तुरुंगात) जन्मठेप भोगतोय. कलम 302 (खून), निकाल बेळगाव सत्र न्यायालयाचा. अटक 12 मार्च 2014, निकाल 2016, मधे जामीन नाही. पॅरोल तीनदा, मिळून 120 दिवस. घरचे म्हणतात 2028 च्या मार्चात 14 भरली की सोडतात. खरं काय? आतापासून काय करून ठेवायचं, सांगा की.

कोर्टरोड
सोडत नाहीत. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. 14 वर्षं भरली की फक्त मुदतपूर्व सुटकेचा विचार होऊ शकतो (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 433-अ, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 475).

हिशेब असा. निकालाआधीची कच्ची कैद धरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 1985 च्या निकालापासून ती जन्मठेपेलाही लागू आहे. कामाबद्दल, वर्तनाबद्दल मिळालेली माफी (शिक्षेतली सूट) या 14 त धरत नाहीत. पॅरोलही नाही, गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये तेच सांगितलं. म्हणजे 11 मार्चला नाही, त्यात 120 दिवस घाला: 9 जुलै 2028. जेलकडून नॉमिनल रोलची (कैद्याच्या शिक्षेच्या नोंदींचा कागद) प्रत मागून घ्या आणि पॅरोलच्या तारखा एकेक करून ताडून बघा. एक तारीख चुकली की फाईल परत येते.

निकालपत्रातला शिक्षेचा आदेश नीट वाचा, अपिलातलासुद्धा. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयानं 'अमुक वर्षं माफी नाही' असं लिहिलं असेल तर 14 चा विषयच संपला. दंड भरलाय का? नसेल तर त्याबद्दलची कैद वेगळी, जन्मठेपेच्या वर.

निपाणी_नाका
आपल्या भागात एक घोळ नेहमी होतो. माणूस कुठल्या राज्याचा हे बघत नाहीत, शिक्षा कुठल्या राज्यातल्या कोर्टानं दिली ते बघतात. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2024 च्या बिल्किस बानो निकालात हे स्पष्ट झालंय. चंदगडचा माणूस, शिक्षा बेळगावात, तर निर्णय कर्नाटकाचा. निपाणीचा माणूस, शिक्षा कोल्हापुरात, तर महाराष्ट्राचा. चुकीच्या राज्याकडे अर्ज गेला तर महिने फुकट.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं फेब्रुवारी 2025 पासून पात्र कैद्याचा विचार सरकारनं अर्जाशिवायही करायचाय. तरी अर्ज द्याच, पोच घ्या. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण, फोन 15100. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. नकार आला तर दाद कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात.

कोर्टरोड
शिक्षा दिलेल्या कोर्टाच्या न्यायाधीशाचं मत मागवतात, ते कारणांसह हवं. 'शिफारस नाही' एवढ्या एका ओळीवर नकार आला असेल तर तो टिकायला नको.

गणेशपूर_गल्ली
खरं अडतं ते पोलीस ठाण्याच्या अहवालात. 'गावात तणाव होईल' एवढं एक वाक्य आलं की फाईल बसलीच. मयताच्या घरचे त्याच गल्लीत असतील तर हट्ट करू नका, दुसरा पत्ता द्या. जिल्ह्यातलाच दिलात तर बरं, कारण पलीकडचा गडहिंग्लज-आजऱ्याचा दिला की अहवाल दुसऱ्या राज्यातून यायचा. घरमालकाचं संमतीपत्र, आणि काम देणाऱ्याचं लेटरहेडवर पत्र जोडा. उद्यमबागेतल्या (बेळगावची औद्योगिक वसाहत) वर्कशॉपवाल्याचं पत्र नुसत्या 'शेती करेल'पेक्षा वजनदार. तुरुंगात शिवण, सुतारकी, बेकरी जे शिकला असेल त्याचा दाखला आत्ताच मागा, बाहेर आल्यावर खेटे पडतात. सगळे कागद कन्नडमध्ये येतात. सही करण्याआधी मराठीतून वाचून घ्या, विशेषतः अटींचा कागद. अट मोडली तर माफी रद्द होऊन वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, म्हणून ठाण्यातल्या हजेरीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

खानापूरकर_77
आधार जुनंच आहे, बोटांचे ठसे जुळतील का? मतदान?

गणेशपूर_गल्ली
नाही जुळले तर केंद्रावर अपडेट होतात. बँकखातं त्यानंतरच, आणि ते आईबरोबर संयुक्त नको, मजुरी त्याच्याच नावावर जमा होऊ दे. मतदान बाहेर आल्यावर करता येतं, बंदी फक्त आत असेपर्यंत. नाव वगळलंय का ते आधी बघा.