मदत हवी आहे: इमर्जन्सी बॅग भरली, पण बाळाच्या दुधाचं काय?

घरात साडेतीन वर्षांची मुलगी आणि चार महिन्यांचं बाळ. टॉर्च, डायपर, ओआरएस, कागदपत्रांच्या झेरॉक्स सगळं भरलंय, पाणी माणशी रोज ३-४ लिटर धरून वेगळं ठेवलंय (बॅगेत घातलं तर उचलणार कोण). अडलंय दुधावर. बाळ पूर्ण फॉर्म्युलावर (डब्यातल्या पावडरच्या दुधावर) आहे, त्यामुळे अंगावर पाजायचा सल्ला नको प्लीज. पावडर कालवताना पाणी उकळून घेतलेलं आणि किमान ७० अंश गरम लागतं, मग लाईट-गॅस दोन्ही गेले तर? थर्मासमध्ये भरून बघितलं, सकाळपर्यंत कोमट होतं. तयार लिक्विड फॉर्म्युला मिळत नाही, आणि स्टोव्ह-शेगडी बंद खोलीत नको, कार्बन मोनॉक्साइडची भीती. अशा वेळी दोन-तीन दिवस निघतील असं पाणी गरम करायला तुम्ही नेमकं काय ठेवलंय?