दहावीचे वर्ष आणि गावचा गणपती

कुडाळवेस

दहावीच्या वर्षी मुलांना गणपतीला कोकणात गावी नेणे म्हणजे त्यांच्या भवितव्याशी खेळणे होय आणि आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर आरती दाखवली की भागते, असे परवा येथे एका पालक भगिनींनी लिहिले. ते वाचून इतका संताप आला, की उत्तरासाठी हा स्वतंत्र धागा काढत आहे.

प्रश्न एकाच वर्षाचा असता, तर मी गप्प बसलो असतो. दहावीला शिकवणीमुळे चतुर्थी चुकते, अकरावीला प्रवेशाची धावपळ असते, बारावीला सीईटी आणि जेईई. पुढे मूल वसतिगृहात जाते आणि त्यानंतर नोकरीत रजा मिळत नाही. ज्या वयात मूल आजोबांबरोबर गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, मूर्तीचा पाट पोहोचवायला जाते, मूर्ती डोक्यावरून घरी आणण्याइतके दणकट होते आणि माटवीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या सजवलेल्या चौकटीसाठी, कवंडाळे, हरणे ही रानफळे-फुले कुठल्या रानात मिळतात हे काकांच्या मागे फिरून शिकते, नेमके तेच चौदा-पंधराचे वय आपण शिकवणीच्या वर्गांना देऊन टाकतो. माझा पुतण्या असाच सलग काही वर्षे आला नाही. गेल्या वर्षी आला, तेव्हा 'सुखकर्ता'च्या पुढची एकही आरती त्याला येत नव्हती आणि भजनात कोणी हातात झांज दिली, तर ती घ्यायलाही तो संकोचत होता. आपल्याच घरात तो पाहुण्यासारखा वावरला. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि मंडळाची परीक्षा त्यानंतर जवळजवळ सहा महिन्यांनी. एवढ्या काळातले पाच दिवस कोणाचे भवितव्य बुडवतात, ते मला समजावून सांगावे.

डोंबिवलीची आई

उल्लेख झालेली पालक मीच, तेव्हा उत्तर देणे भाग आहे. पाच दिवस म्हणणे सोपे आहे. रेल्वेगाडीचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि पाहता पाहता प्रतीक्षा यादी लागते. मग उरतो तो मुंबई-गोवा महामार्ग, ज्याचे रुंदीकरण २०११ पासून चालू आहे आणि ज्यावर त्या दिवसांत घरी कधी पोहोचू हे कोणीच सांगू शकत नाही. माझा थोरला दहावीत असताना आम्ही हट्टाने गेलो. भर पावसात रात्रभर बसमध्ये अडकलो, परत आल्यावर तो तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळला आणि त्याची घटक चाचणी बुडाली. शाळेने ती पुन्हा घेण्यास नकार दिला. अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस गुणांची काळजी करत त्याने काढलेले ते महिने मी विसरू शकत नाही. सासऱ्यांवर माझाही जीव आहे, परंतु हा अनुभव घेतल्यानंतर धाकटीच्या बाबतीत मी तोच धोका पत्करणार नाही.

निवृत्त शिक्षक

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. २०२५ मध्ये त्याचा निकाल ९८.८२ टक्के लागला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतली ही मुले चतुर्थीला घरीच असतात, वाडीतल्या घराघरांत आरतीला जातात, रात्री भजनाला बसतात. सण अभ्यासाच्या मुळावर येतो, हे म्हणणे निदान या निकालाशी जुळत नाही.

डोंबिवलीची आई

गुरुजी, तो आकडा उत्तीर्णांचा आहे. मुंबईतल्या चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळतो तो टक्क्यांवर, नुसते उत्तीर्ण होऊन नाही. शिवाय त्या मुलांना गणपतीसाठी दोन रात्री प्रवासात काढाव्या लागत नाहीत.

माहेरवाशीण

वरचे सर्व प्रतिसाद वाचले. पाट, मूर्ती, झांज, भजन! धागाकर्त्यांनी जे जे गमावण्याची भीती व्यक्त केली, ते सर्व मुलग्यांचे आहे. दहावीतली मुलगी गावी जाते, तेव्हा तिच्या वाट्याला काय येते, ते मी सांगते. आमच्या घरी चार बिऱ्हाडे एकत्र येतात. पहाटे उठून नारळ खवायचे, उकड मळायची, मोदक वळायचे, पंगती वाढायच्या, खरकटे काढायचे, आणि दुपारी पाठ टेकण्याआधी आरतीला येणाऱ्यांच्या चहाचे आधण ठेवायचे. माझा चुलतभाऊ आणि मी एकाच वर्षी दहावीला होतो. तो माडीवर पुस्तक घेऊन बसला, की 'त्याला हाक मारू नका' असे सांगितले जाई. माझे पुस्तक पिशवीतून बाहेरच निघाले नाही. त्यातच चतुर्थीच्या आदल्या दिवशी मला पाळी आली. मला पडवीत बाजूला बसवले आणि एवढी मोठी झालेली मुलगी आयत्या वेळी कामाला नाही, ही कुजबुज मी दिवसभर ऐकली. मूर्ती मी दारातूनच पाहिली. आज माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला तिथे न्यायचे की नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न शिकवणीचा नाही.

पाटाचा मानकरी

आपण एका घरावरून सगळ्या कोकणाला नावे ठेवू नयेत. आमच्याकडे पुरुषही नारळ खवतात, पंगत वाढतात. दर वेळी सणाच्या चर्चेत हा विषय आणून विरजण घालणे बरे नव्हे.

माहेरवाशीण

विरजण? माझ्या आयुष्यातली ती चतुर्थी मी सांगितली, ती आपल्याला अडचणीची वाटली, म्हणून तिला विरजण म्हणायचे? नारळ खवून दिला की पुरुषाचे काम संपते आणि तो माटवीखाली गप्पांना बसतो. चुलीपुढचे काम रात्री झाकपाक होईपर्यंत संपत नाही. आपल्या घरी शेवटची पंगत कोणाची असते, तेवढे लिहा.

पाटाचा मानकरी

शेवटची पंगत बायकांचीच असते, हे मान्य करतो. मात्र बाजूला बसवण्याची प्रथा आमच्या घरात बंद झाली आहे आणि ती माझ्या आईने बंद केली, शहरातल्या कोणी येऊन नव्हे. नव्या सुनेचा गौरीचा ओवसा, म्हणजे सुपे भरून गौरीला ओवाळण्याचा विधी, हा तर बायकांचाच सण आहे. तिथे मुली हौसेने येतात, रात्रभर फुगड्या घालतात. तेही आपण खोटेच ठरवणार का?

माहेरवाशीण

नाही. फुगड्यांची ती रात्र मलाही हवी आहे, म्हणूनच इतके लिहिले. परंतु त्या रात्रीसाठी मुलीने आधी चार दिवस राबावे, ही अट मला मान्य नाही.

कुडाळवेस

धागा मी वेगळ्या कारणासाठी काढला होता. तरीही माहेरवाशीण यांनी लिहिले ते टाळून पुढे जाता येत नाही. मुलांना गावी न्यावे, हे माझे मत तसूभरही बदललेले नाही. उलट मुलीलाही पाट घेऊन गणपतीच्या शाळेत पाठवावे आणि मुलग्यालाही उकड मळायला बसवावे, एवढी भर मी त्यात घालतो. आमच्या भावांच्या बैठकीत या वर्षी हे मांडणार आहे. तिथे विरोध होईल, याची मला कल्पना आहे.

डोंबिवलीची आई

आपल्या बैठकीत काय ठरते, ते अवश्य कळवावे. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. शनिवारी निघून बुधवारी परतता येते, एवढे मी नाइलाजाने मान्य करते, पण ते जाण्यायेण्याचे आरक्षण हाती असेल तरच. बसने मी मुलीला पाठवणार नाही. आणि तिची चाचणी त्या आठवड्यात लागली, तर तिचे वडील एकटेच गावी जातील. त्या वेळी सासऱ्यांना समजावण्याची जबाबदारीही त्यांनीच घ्यावी, कारण दर वर्षी ती माझ्यावर येते.