डीएसीची मंजुरी आली म्हणजे ऑर्डर आली का? 46 लाखांच्या मशीनचा प्रश्न आहे

कोडोलीची_हिशेबवाली

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), अकरा माणसं. हिशेब मी बघते, मशिनी आमचे हे आणि धाकटे दीर बघतात. काम मुख्यतः ट्रॅक्टरच्या पिना, बुश, हायड्रॉलिकची फिटिंग. गेल्या वर्षापासून पुण्याच्या एका मोठ्या पुरवठादाराकडून तोफेच्या कुठल्याशा भागाचे ब्रॅकेट येतात, महिन्याला चाळीसेक नग. बिल फार होत नाही, पण ते ड्रॉइंग दीर स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवतात. बाकीची ड्रॉइंगं चहाच्या कपाखाली असतात.

जुलै 2025 मध्ये बातमी आली की डीएसीने, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या खरेदी परिषदेने, 10 प्रस्ताव मंजूर केले, सुमारे 1 लाख 5 हजार कोटींचे, आणि सगळी खरेदी देशातूनच. तेव्हापासून घरात एकच विषय, चार ॲक्सिसची व्हीएमसी. कोटेशन 46 लाख, वर जीएसटी. बँक तारणाला राहतं घर मागतेय. दिरांचे मेहुणे रोज फोन करतात, "मंजुरी मिळालीय, आता ऑर्डरींचा पाऊस पडणार आणि तुमच्याकडे घमेलंसुद्धा नाही."

सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, तुझ्या सासऱ्यांनी उसाच्या बिलाच्या भरवशावर ट्रॅक्टर घेतला होता, तो कोण ओढून घेऊन गेलं ते विचार त्यांना.

माझा प्रश्न एवढाच. मंजुरी मिळाली म्हणजे नक्की काय मिळालं? आणि तिथून आमच्यासारख्याच्या खात्यात पैसे पडेपर्यंत मध्ये काय काय असतं?

वाईचा_वाटाड्या

ताई, मी त्याच बातमीवर शेअर घेतले. अजून पाण्याखाली आहेत. शेअर निदान विकता तरी येतात.

अपशिंगेचा_गनर

ताई, मी अपशिंगे मिलिटरीचा. पहिल्या महायुद्धात एकट्या आमच्या गावचे 46 जवान गेले, त्यांचा स्तंभ गावात आहे. मीही तोफखान्यात 28 वर्षं काढली, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. खरेदीच्या फायली मी चालवल्या नाहीत, पण त्या फायलींपायी वाळूत बराच बसलोय. तेवढ्या अधिकाराने सांगतो.

तुमच्या गावात ग्रामसभेने रस्त्याचा ठराव केला म्हणून दुसऱ्या दिवशी खडी येते का? ठराव, मग अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. बातमीतली मंजुरी ही यातली प्रशासकीय मान्यतेच्या आसपासची गोष्ट. तिचं नावच बघा, ॲक्सेप्टन्स ऑफ नेसेसिटी, आम्ही एओएन म्हणायचो. गरज मान्य. म्हणजे सैन्याला ही वस्तू पाहिजे, एवढ्या संख्येनं पाहिजे, देशातून घ्यायची की बाहेरून तेही ठरलं. कुणाकडून आणि कितीला, हे अजून कुणालाच माहीत नसतं. 1 लाख 5 हजार कोटी हा अंदाज आहे. आणि या मान्यतेलाही मुदत असते. तेवढ्यात निविदा निघाली नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

त्याच्या आधीच निम्मं काम झालेलं असतं. सैन्य आपल्याला नक्की काय पाहिजे ते लिहून काढतं, वजन किती, पल्ला किती, किती उंचीवर चाललं पाहिजे. त्याला क्यूआर म्हणतात. इथं कुणी हौसेनं एक आकडा जास्त लिहिला की पुढं कुणीच पास होत नाही. मग कंपन्यांकडून माहिती मागवतात, प्रस्ताव खालच्या समित्यांतून वर सरकतो आणि शेवटी डीएसीपुढं जातो. तिथं संरक्षणमंत्री अध्यक्ष, तिन्ही दलांचे प्रमुख, त्या तिघांचा मेळ घालणारे सीडीएस, संरक्षण सचिव अशी मंडळी. ही डीएसी 2001 ची, कारगिलनंतर झालेली. तुमच्या बातमीतली मंजुरी झाली तेव्हाची नियमावली 2020 ची.

एओएननंतर आरएफपी, म्हणजे आपली निविदा. कंपन्या दोन लिफाफे देतात, एक तांत्रिक, एक किमतीचा. किमतीचा लिफाफा बंद राहतो. आधी कागद तपासतात, मग ट्रायल. ट्रायलला वस्तू, माणसं, वाहतूक सगळं कंपनीच्या खर्चानं, आणि पास झालात तरी घेऊच असं वचन नाही. नो कॉस्ट नो कमिटमेंट.

एक सांगतो. माझ्या शेवटच्या पोस्टिंगला आमच्याकडे एका उपकरणाची ट्रायल होती. कंपनीचं नाव घेत नाही. मे महिन्यात राजस्थानात झाली, व्यवस्थित पास. मग जानेवारीत उंचावर नेलं. तिथं जाड हातमोजे घालून पॅनेल चालवायचं होतं. त्या पॅनेलची बटणं हरभऱ्याएवढी आणि एकमेकांना खेटून. मोज्याचं एक बोट ठेवलं की तीन बटणं दाबली जायची. मोजा काढला तर बोट पत्र्याला चिकटायचं. साहेबांनी तीनदा करायला लावलं, तिन्ही वेळा तेच. त्यांनी नापासचा रकाना भरला. कंपनीच्या पोरांत एक तासगावचा निघाला. रात्री बुखारीपाशी, म्हणजे खोली ऊबदार ठेवायच्या शेगडीपाशी, बसून म्हणाला, "साहेब, बटणं तर बदलू की, आठ दिवसांचं काम." काम आठ दिवसांचंच होतं. पण उन्हाळ्यात पास झालेलं पॅनेल आणि हिवाळ्यात बदललेलं पॅनेल एकच मानायचं का, यावर कागद फिरायला लागले. मी पेन्शनीत निघालो तोवर फिरतच होते.

ट्रायल झाली की सैन्य आपला अहवाल देतं. मग जे पास झाले त्यांचेच किमतीचे लिफाफे उघडतात. सगळ्यात कमीवाला एल-वन. त्याच्याशी वाटाघाटीची समिती बसते, अर्थवाले बारीक बघतात, आणि रक्कम मोठी असली तर फाइल पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या सीसीएसपुढं, म्हणजे मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीपुढं. मग सही. त्या सहीला करार म्हणायचं. तुमच्या मेहुण्यांचा पाऊस तिथून पुढं.

आता तुमच्या तोफेचंच घ्या. एटॅग्ज नावाची गाडीमागे ओढून न्यायची तोफ, 155 मिमी, डीआरडीओच्या पुण्याच्या लॅबचं काम. प्रकल्प 2013 च्या सुमाराचा. ऑगस्ट 2018 ला डीएसीनं 150 तोफांची गरज मान्य केली, 3,365 कोटींच्या आसपास. तेव्हाही टीव्हीवर अशीच बातमी होती. 2020 ला पोखरणला चाचणीत नळी फुटली. मार्च 2023 ला नव्याने गरज मान्य झाली, आता 307 तोफा. करार मार्च 2025 ला, सुमारे 6,900 कोटी, दोन कंपन्यांत वाटून. पहिल्या मंजुरीवर कुणी व्हीएमसी घेतली असती तर पाच वर्षांच्या कर्जाचे सगळे हप्ते करारावर सही व्हायच्या आत फिटले असते. आणि जॅकेटांचं बोलायलाच नको. 1 लाख 86 हजार बुलेटप्रूफ जॅकेटांची गरज 2009 ला मान्य झाली, करार एप्रिल 2018 ला.

अजून एक हिशेब तुम्हीच करा, तुमचा धंदाच तो. 2025-26 चं संरक्षणाचं भांडवली बजेट 1 लाख 80 हजार कोटी. त्यातला मोठा वाटा जुन्या करारांच्या हप्त्यांना जातो. मग एका बैठकीतले 1 लाख 5 हजार कोटी त्याच वर्षात कुठून येणार?

कोडोलीची_हिशेबवाली

सुभेदारसाहेब, तुमचा निरोप मोठ्यानं वाचून दाखवला. बटणांचं ऐकून दीर गप्प झाले. त्यांनी सकाळीच एका पिनेचा चॅम्फर, म्हणजे कडेचा तिरपा काप, "चालतंय की" म्हणून सोडला होता.

पण मग आमच्याकडे येतात ते ब्रॅकेट कुठल्या पायरीवरचे? करार झालाय म्हणता, मग आमचं काम वाढायला हवं ना?

कुपवाडचा_क्वालिटीवाला

ताई, इथं मी बोलतो. कुपवाड एमआयडीसीत वीस वर्षं तपासणीत आहे, संरक्षणाचं जॉबवर्क आठ वर्षं करतोय.

307 तोफा हा आकडा ऐकायला मोठा आहे. समजा पुरवठा पाच वर्षांत करायचा, म्हणजे 60 महिने. महिन्याला सगळ्या देशात पाच तोफा. तुमचा ब्रॅकेट एका तोफेला आठ लागतो असं धरलं तर चाळीस नग झाले. तेवढेच तर येतायत तुमच्याकडे! ट्रॅक्टरच्या पिनेसारखं हे हजारात जाणारं काम नव्हे. करार झाला म्हणून नग वाढत नाहीत, फक्त काम पुढची काही वर्षं टिकतं. तेही तुमच्या पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरीच्या कागदावर, लिहिलेलं असेल तर. पीओ काढा आणि बघा, वर्षाची संख्या लिहिलीय की महिन्याच्या फोनवर चाललंय.

दुसरं, सायकल टाइम मोजा, म्हणजे एका नगाला मशीनवर लागणारा वेळ. एका नगाला पाऊण तास धरला तरी चाळीस नग म्हणजे महिन्याला तीस तास. 46 लाखांचं मशीन तीस तासांसाठी? चौथा ॲक्सिस मापासाठीच हवा असेल तर जुन्या व्हीएमसीवर नग फिरवणारा रोटरी टेबल बसतो का ते विचारा. कंट्रोलरला आणि ड्राइव्हला जागा असली तर बसतो, आणि खर्च नव्या मशीनच्या पासंगालाही येत नाही.

आणि पैसे घालायचेच असतील तर कागदात घाला. या कामात नग मापामुळं कमी आणि कागदामुळं जास्त परत येतात. माझीच चूक सांगतो. बारवर हीट नंबरचा, म्हणजे तो धातू कुठल्या वितळणीतला आहे त्याचा, पंच असतो. आमच्या पोरानं बार कापताना पंच असलेलं टोक भंगारात टाकलं, मी बघितलं नाही. 32 नग तयार झाले, सगळे मापात, मापं तपासणाऱ्या सीएमएम मशीनचा रिपोर्ट स्वच्छ. इन्स्पेक्टरनं एवढंच विचारलं, हे कुठल्या हीटचं? माझ्याकडे टेस्ट सर्टिफिकेट होतं, पण हा नग त्याच बारचा हे दाखवायला काही नव्हतं. 32 च्या 32 भंगार. तेव्हापासून कापायच्या आधी नंबर पुढच्या तुकड्यावर पंच करतो आणि मगच करवत. त्या वेळी मी स्वतः उभा असतो.

नवीन काम शोधायचं असेल तर मोठ्या मंजुऱ्यांच्या बातम्या सोडा. सैन्याकडे जे आधीपासून आहे त्याच्या सुट्या भागांची खरेदी वर्षभर चालू असते. ती महसुली खरेदी, तिची नियमावलीच वेगळी, नवी 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालीय. तिथं डीएसी येत नाही. संरक्षण मंत्रालयाच्या सृजन पोर्टलवर बाहेरून मागवले जाणारे भाग टाकलेले असतात, तुमच्या मशीनवर होण्यासारखं काही आहे का ते बघत जा. दारूगोळा कारखान्यांच्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय तर पुण्यातच आहे. लघुउद्योगांची उद्यम नोंदणी केलीच असेल. तिच्या जोरावर 45 दिवसांत पैसे मागायचा कायदेशीर हक्क आहे. मागायला लाजू नका, मी तीन वर्षं लाजलो.

कोडोलीची_हिशेबवाली

पीओ काढली. वर्षाला 480 नग, दोन वर्षांसाठी, दर ठरलेला. पुढचं काहीच लिहिलेलं नाही. सायकल टाइम दिरांनी आज स्टॉपवॉच लावून मोजला, 41 मिनिटं. म्हणजे महिन्याला 27 तास आणि थोडी मिनिटं.

रोटरी टेबलवाला गुरुवारी कंट्रोलर बघायला येतोय. 46 लाखांचं कोटेशन मी फाइलला लावलं. पंच मारायची जबाबदारी दिरांनी स्वतःकडे घेतली, नवीन नंबर पंचाचा सेट राजवाड्याजवळच्या दुकानातून आणलासुद्धा.

मेहुण्यांना हे सगळं वाचायला पाठवलं. त्यांनी नुसता अंगठा दाखवलाय. वर की खाली, ते मोबाइल आडवा धरून बघितलं तरी कळेना.