मदत हवी आहे: मुंब्र्यात महिला डॉक्टरांचं चित्रीकरण, पडदा आणि संमतीपत्र

मुंब्रा-कौसा भागात महिला डॉक्टरांचे आरोग्यविषयक व्हिडिओ करायचे आहेत. बोलणाऱ्यांत कोकणी मुस्लिम, म्हणजे शाफई भगिनी आहेत आणि हनफीही (हे इस्लामी धर्मशास्त्राचे दोन मझहब, म्हणजे पंथ), त्यामुळे एकच नियम सगळ्यांना लावणं योग्य नाही. कुराणात नजर खाली ठेवायचा आदेश आधी पुरुषांना आहे (२४:३०), मग स्त्रियांना (२४:३१). चेहरा झाकणं बंधनकारक का, यावर जुना मतभेद आहे. डिजिटल चित्रण निषिद्ध ‘तस्वीर’मध्ये (सजीवांची प्रतिमा बनवण्यात) मोडतं का, यावरही उलेमांचं, म्हणजे धर्मपंडितांचं, एकमत नाही, काही जण ते आरशातल्या प्रतिमेसारखं मानतात.

कॉलर माइक हिजाबच्या आत लावला की कापड घासून खरखर येते, म्हणून तो बाहेर, हनुवटीपासून वीतभर खाली लावायचा आणि लावणारी बाईच हवी. बारीक रेघांचा हिजाब नको, स्क्रीनवर लहरी दिसतात.

खरी अडचण पुढे आहे. कॅमेरावाली बाई मिळाली तरी फुटेज पुरुष एडिटरकडेच जातं. ठाणे, कळवा किंवा वाशीत एडिटिंग करणारी बाई कोणी सुचवेल का? दोन्ही मझहबांचं लेखी मत कुठल्या दारुल इफ्तामधून (फतवा देणाऱ्या संस्थेतून) मिळेल? आणि क्लोज-अप, रील्ससाठी कापलेले तुकडे, नंतर व्हिडिओ काढून टाकण्याचा हक्क, हे सगळं वेगवेगळं नमूद केलेला मराठी-उर्दू संमतीपत्राचा नमुना कोणाकडे असेल तर कृपया पाठवा.