प्रति: रात्रभर पिंक नॉइज लावून झोपणे

'मोबाईलवर रात्रभर पिंक नॉइज लावा, अ‍ॅप्निया असला तरी गाढ झोप वाढते' असं वर कुणीतरी लिहिलंय. (पिंक नॉइज म्हणजे पावसासारखा एकसुरी आवाज; अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबणे.) दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. जर्मनीतल्या २०१३ च्या गाजलेल्या प्रयोगात आवाज सतत नव्हता. डोक्यावरचे इलेक्ट्रोड गाढ झोपेतली मेंदूची संथ लहर टिपायचे आणि ती वर चढायच्या नेमक्या क्षणी पिंक नॉइजचा जेमतेम ५० मिलिसेकंदांचा 'खस्स' कानात सोडला जायचा. वेळ साधली की लहरी जोर धरायच्या, चुकली की मोडायच्या. उशाशी ठेवलेल्या मोबाईलला हे कुठून कळणार?

आणि नेहमीच्या (ऑब्स्ट्रक्टिव्ह) अ‍ॅप्नियात मूळ भानगड घशात असते: झोपेत तो मिटतो आणि श्वास अडतो. माझ्या स्लीप स्टडीनंतर, म्हणजे रात्रभर झोपेत श्वास आणि मेंदूची नोंद घेणाऱ्या तपासणीनंतर, (इलेक्ट्रोड लावायची ती केसांतली चिकट पेस्ट दोनदा शाम्पू करूनही निघेना!) टेक्निशियनने आलेख दाखवला होता. श्वासाची रेघ सपाट, सपाट, आणि मग मेंदूची रेघ एकदम दचकल्यासारखी. तासाला ३४ वेळा हेच. आवाजाने लहर वाढेलही, पण घसा उघडत नाही. त्यामुळे प्रयोग खुशाल करा, पण सीपॅपचा (हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा) मास्क काढून नको.